दोन पिंजरे

मानोऱ्यातील एका जैन कुटुंबात कित्येक वर्षे एकच पिंजरा होता आणि तो उंदरांसाठी होता. कापडाचे दुकान आणि थोडी शेती असे हे घर. मागच्या कोठीत तूर व सोयाबीनची पोती रचलेली असत. तेथे उंदीर झाले की रात्री पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा अडकवायचा आणि सकाळी सापडलेला जीव गावाबाहेर नाल्याच्या काठी नेऊन सोडायचा, ही आजोबांच्या वडिलांनी घालून दिलेली शिस्त होती. विषाची पुडी किंवा चिकट पुठ्ठा त्या घरात कधी आला नाही.

दुसरा पिंजरा आला तो दिवाळीच्या सुटीत. सातवीत शिकणाऱ्या नातीला मामांनी अमरावतीच्या एका दुकानातून दोन हॅम्स्टर घेऊन दिले. मुठीएवढे, सोनेरी अंगाचे, काळ्याभोर डोळ्यांचे. दोन्ही माद्या आहेत, एकाच पिंजऱ्यात सुखाने राहतील, असे दुकानदाराने सांगितले होते.

पहिले काही दिवस घर नुसते त्यांच्याकडे पाहत राहिले. आजींना मात्र हसू आवरत नसे. या घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, आणि हे पाहुणे दिवे लागल्यावर उठून रात्रभर खात बसतात. शिवाय दाणे गालांतील पिशव्यांत भरून कोपऱ्यात दडवतात. जर्मन भाषेत साठेबाजी करणे या अर्थाचे क्रियापदच या प्राण्याच्या नावावरून रूढ झाले आहे, असे शिक्षिका असलेल्या सूनबाईंनी सांगितले, तेव्हा आजी म्हणाल्या, "म्हणजे रात्रिभोजन आणि परिग्रह, दोन्ही याच्या ठायी आहे." कांदा-लसूण त्यांना अपायकारक असतो हे कळल्यावर मात्र त्यांनी पाहुण्यांना घरातले मानले.

महिन्याभराने एका रात्री पिंजऱ्यातून चिरका आवाज आला. एकाचा कान फाटला होता आणि दुसरा त्याच्या अंगावर धावून जात होता. सकाळी आजोबा व नात त्यांना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तेथे बैल, म्हशी आणि शेळ्यांची रांग होती. डॉक्टरांनी जखम पुसली, दोघांना उलटून पाहिले आणि शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, ही सीरियन जात एकलकोंडी असते. वयात आल्यावर दोघांना एकत्र ठेवले की ती एकमेकांना जिवे मारण्यापर्यंत मजल मारतात. दुसरी, यांतील एक नर आहे.

त्याच दिवशी दुसरा पिंजरा घेतला गेला. परंतु उशीर झाला असण्याची शक्यता होतीच. हॅम्स्टरचा गर्भकाळ साधारण सोळा दिवसांचा. गर्भात वार असणाऱ्या सस्तन प्राण्यांत इतका छोटा काळ क्वचितच कोणाचा असेल. नातीने भिंतीवरील दिनदर्शिकेवर खुणा करायला सुरुवात केली. ती आनंदात होती. वर्गातील अकरा मैत्रिणींनी आधीच पिल्लू मागून ठेवले होते. आजोबा मात्र काळजीत होते. दोघे एकाच दुकानातून, बहुधा एकाच वेताचे भाऊ-बहीण म्हणून आलेले.

"आई म्हणते, जगातले बहुतेक सगळे पाळीव सोनेरी हॅम्स्टर एकाच वेतातून आलेत," नात म्हणाली. "मग भाऊ-बहिणीचे काय एवढे?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. या प्राण्याची शास्त्रीय नोंद १८३९ मध्ये लंडनला जॉर्ज वॉटरहाऊस यांनी केली. पुढे १९३० मध्ये इस्राएल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातील अलेप्पोजवळच्या शेतात खोल बीळ खणवून एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात त्यांतील मोजकी भावंडे जगली व त्यांच्यापासून वंश वाढला. तेथून ते प्रयोगशाळांत गेले, आणि प्रयोगशाळांतून घराघरांत. आज जगभर पिंजऱ्यांत असलेला हा प्राणी आपल्या मूळ मुलखात मात्र दुर्मीळ होत चालला आहे, कारण तेथला शेतकरी त्याला पिकाचा शत्रू समजतो.

"बेटा, त्यांतले किती जगले नाहीत, हेही विचार," आजोबा एवढेच म्हणाले. निकट नात्यातील संबंधातून दडलेले दोष वर येतात, हे शेतकऱ्याला गाई-म्हशींवरून ठाऊक असते. हॅम्स्टरमध्येही पोटाशी पांढरा असलेला एक वाण आहे. त्यात आई-बाप दोघांकडून तोच गुण आला तर पिल्ले डोळ्यांविना जन्माला येतात. ज्याचे कूळ माहीत नाही त्याचा वंश वाढवणे म्हणजे खतावणी न पाहता सही करणे होय.

चौदाव्या दिवशी पहाटे कापसाच्या घरट्यात हालचाल दिसली. सात पिल्ले होती. गुलाबी, केसांविना, डोळे मिटलेली, शेंगदाण्याहून थोडी मोठी.

ओल्या बाळंतिणीला प्रथिने भरपूर लागतात. हा प्राणी मूळचा मिश्राहारी. त्यामुळे अशा वेळी अंडे किंवा अळ्या द्याव्यात असा सल्ला सर्वत्र मिळतो. या घरात ते होणे नव्हते आणि प्राण्याची आबाळ होऊ देणेही पटत नव्हते. डॉक्टरांनी मार्ग काढला. शिजवलेले सोयाबीन, बिनमिठाचे पनीर, मूग, थोडे शेंगदाणे. सोयाबीन कच्चे देऊ नये, ते पचत नाही, हेही त्यांनी बजावले. सोयाबीनच्या जिल्ह्यात त्याची उणीव नव्हती. डॉक्टरांनी आणखी एक ताकीद दिली होती. दोन आठवडे घरट्याला हात लावायचा नाही, पिंजरा झाडायचा नाही आणि माणसांची गर्दी होऊ द्यायची नाही.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोन मैत्रिणी आल्या. नातीने फक्त एक पिल्लू तळहातावर घेतले, क्षणभरच, आणि हळूच परत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरट्यात पाचच पिल्ले होती. दोन कोठे गेली याचा उलगडा करणाऱ्या खुणा सूनबाईंनी मुलगी उठण्यापूर्वीच पुसल्या, पण मुलीला मोजता येत होते.

त्या दिवशी ती जेवली नाही. सायंकाळी आजोबा सामायिकाला बसण्याच्या वेळी ती त्यांच्याजवळ आली.

"आजोबा, पाप मला लागलं ना? मी हात लावला म्हणून तिने खाल्ली."

आजोबांनी तिची समजूत घालण्यासाठी खोटे सांगितले नाही. ते म्हणाले, "तुझ्या मनात मारण्याचा भाव नव्हता. पण प्रमाद झाला. डॉक्टरांनी सांगितले होते आणि तुला ते आठवत होते." मग थोडे थांबून म्हणाले, "तिचाही दोष नाही बाळा. ती घाबरली. पिल्लांना धोका आहे असे वाटले की ही जात असेच करते. अलेप्पोहून आणलेल्या त्या पहिल्या मादीनेही पेटीत घातल्याबरोबर आपले एक पिल्लू मारले होते. आणि प्रमादाचा हिशेब करायचा तर तो तुझ्यापासून सुरू होत नाही. काहीही न विचारता दोन जीव एका पिंजऱ्यात घरी आले, तेव्हा मी याच ओसरीत बसलो होतो."

नातीने दुसऱ्या दिवसापासून पिंजऱ्यावर पांढरे कापड टाकले आणि दोन आठवडे ती दाणा-पाण्यापुरतीच तेथे गेली. पिल्लांचे डोळे उघडलेले तिने कापडाच्या फटीतून पाहिले.

उरलेली पाच चौथ्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेण्यात आली. तीन नर, दोन माद्या. लगेच वेगळे करणे भाग होते, कारण महिन्या-दीड महिन्याची मादी गर्भ धरू शकते. नातीच्या वडिलांनी दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. एका वेताला आठ पिल्ले धरली, त्यांत चार माद्या, त्या दीड महिन्यात वयात आल्या, सोळा दिवसांत त्यांचे वेत झाले, आणि मूळ मादीही थांबली नाही, तर तीन महिन्यांत आकडा पन्नास ओलांडतो. सावकारी चक्रवाढही इतकी निष्ठुर नसते.

आता घरे शोधायची होती. आजोबांनी आयुष्यभर उधारी देताना माणसाची पत पाहिली होती. नातीसह त्यांनी एका कागदावर प्रश्न लिहिले. घरात मांजर आहे का? परीक्षेच्या दिवसांत दाणा-पाणी कोण पाहणार? मे महिन्यात दुपारी वीज गेली तर प्राणी कोठे ठेवणार? त्याचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे असते, तोवर हौस टिकेल का? घरातील मोठ्यांची संमती आहे का? एका घरी एकच प्राणी मिळेल, पैसे घेतले जाणार नाहीत आणि सांभाळणे न जमल्यास कोणत्याही दिवशी परत आणून द्यावा, कोणी रागावणार नाही, हेही लिहिले. अकरा मैत्रिणींपैकी आठ जणींची नावे त्या कागदानेच गळाली. संक्रांतीनंतर तीन पिल्ले तीन घरी गेली. दोन घरीच राहिली आणि ओसरीवर चार पिंजरे झाले.

त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. शेजारच्या शेतकऱ्याने सहज सुचवले, "सोडून द्या ना भाऊ वावरात. जगन आपल्या नशिबानं." जैन घरांत जीव सोडवण्याची परंपरा मोठी. उंदराच्या बाबतीत हे घर तेच करीत होते. तरीही आजोबांनी मान हलवली. उंदीर या मातीतला आहे, त्याला बीळ माहीत आहे. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या, सोनेरी रंगामुळे दुरून दिसणाऱ्या या प्राण्याला वावरात सोडणे म्हणजे घुबडाला किंवा मांजराला देणे होय. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हा अपराध मानतो. सोडण्यात अभय असेलच असे नाही.

दुसरी गोष्ट अधिक मोहाची होती. एका मोठ्या गावातील विक्रेत्याने निरोप पाठवला की दर दोन महिन्यांनी पिल्ले देत असाल तर नगद भाव देतो. नातीच्या वडिलांना त्यात लगेच काही गैर वाटले नाही. दुकानाचे दिवस मंदीचे होते. २०१८ च्या नियमांत पाळीव प्राण्यांच्या यादीत हॅम्स्टरचे नाव स्पष्ट आहे आणि विक्रीच्या दुकानाला राज्य पशू कल्याण मंडळाची नोंदणी आवश्यक आहे, ही बाजू सूनबाईंनी मांडली. आजोबांनी वेगळी बाजू सांगितली. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य आहे, म्हणजे केसाळ जीवांचा व्यापार. असतीपोषणही आहे, म्हणजे कमाईसाठी जीव पोसणे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत तर पहिलाच बंध आहे. जीवाला बांधून, कोंडून ठेवणे. "कोंडलेले चार आपल्याकडे आहेत, त्यांना आता पर्याय नाही," आजोबा म्हणाले. "पाचवा आपण पैशासाठी जन्माला घालायचा का, एवढाच प्रश्न आहे." सूनबाईंनी हाँगकाँगची आठवण दिली. २०२२ च्या जानेवारीत तेथील एका दुकानातील हॅम्स्टरमध्ये कोरोनाचा विषाणू आढळला आणि सुमारे दोन हजार लहान प्राणी मारण्याचा आदेश निघाला. बाजारात उतरलेला जीव माल ठरतो, आणि माल खराब निघाला की फेकला जातो. विक्रेत्याला नकार कळवण्यात आला.

मग उन्हाळा आला. विदर्भातील मे महिना माणसालाही सोसत नाही. पारा ४४-४५ अंशांवर जातो. या प्राण्याला विशी-पंचविशीच्या अंशांतले हवामान मानवते. त्याच्या वर उष्माघाताचे भय. घरात वाळ्याच्या ताटीजवळ पिंजरे हलवले गेले, आत खापराचे थंड तुकडे ठेवले गेले, वीज गेली की ओल्या कापडाने भोवतालची हवा निववली गेली. चौघेही तगले. परंतु एका मैत्रिणीकडचा नर एका दुपारी गेला. घरचे लग्नाला गेले होते आणि पत्र्याच्या खोलीत पिंजरा राहिला. दुसऱ्या घरून पिल्लू परत आले. त्या घरच्या आजारी आजींना रात्रभर चाकाची घरघर सोसवत नव्हती. मुलीने रडत पिंजरा दिला आणि आजोबांनी ठरल्याप्रमाणे एक शब्दही न बोलता तो घेतला.

जूनअखेर शाळा उघडल्या आणि खरा निर्णय तेव्हा समोर आला. अकोल्याच्या मावसभावाकडे निराळ्या कुळातला, निरोगी, शांत स्वभावाचा नर होता. घरी राहिलेली तरुण मादी सहा महिन्यांची झाली होती. मादीचे पहिले वेत चौथ्या महिन्यापूर्वी नको आणि फार उशिराही नको, हे नातीला आता पाठ होते. तिने वहीत सगळी योजना लिहून आणली. दोघांचे वजन व प्रकृती तपासणे, मादी माजावर असलेल्या संध्याकाळी देखरेखीखाली थोडा वेळच एकत्र आणणे आणि लगेच वेगळे करणे, आहार, चौदा दिवस घरट्याला स्पर्श नाही, चौथ्या आठवड्यात नर-मादी वेगळे, सहाव्या आठवड्यात प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा, आणि घरे आधी ठरवूनच पुढचे पाऊल.

"आजोबा, मागच्या वेळी आपल्याला काही माहीत नव्हतं. आता सगळं माहीत आहे. आता केलं तर चूक होणार नाही."

योजनेत खरोखर उणीव नव्हती. डॉक्टरांनीही ती पाहून समाधान व्यक्त केले असते. ज्याला हे करायचेच आहे त्याने याहून कमी तयारीने करू नये, असे म्हणावे इतकी ती नेटकी होती. आजोबांनी ती दोनदा वाचली. मग कपाटातून तोच जुना प्रश्नांचा कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"हा तू इतरांकडून भरून घेतलास. आता तूच भर. आणि खाली मागच्या सात जणांचा जमाखर्च लिही. निर्णय तुझा. मी मोडता घालणार नाही."

सूनबाईंना हे फारसे पटले नाही. बारा वर्षांच्या मुलीवर इतका भार कशाला, असे त्यांनी नंतर बोलून दाखवले. आजोबांचे उत्तर असे होते की नकार दिला असता तर मुलगी नकार पाळायला शिकली असती, आणि पुढे कधी तरी तो चुकवायलाही.

चातुर्मास सुरू होण्याला दोन दिवस होते. नातीने वही आणून दिली. प्रश्नांची उत्तरे बरोबर होती; मांजर नाही, वेळ आहे, संमती आहे. खाली जमाखर्च होता.

जन्मले ७. आईने मारले २. उन्हाने गेला १. परत आले १. आपल्याकडे राहिले २. दुसऱ्या घरी सुखात १.

त्याखाली तिने लिहिले होते : "माझ्या मैत्रिणींना हॅम्स्टर हवा असेल तर आपल्याकडे परत आलेला आहे. तो आधी कोणाला तरी मिळू दे. जे अजून जन्मले नाहीत त्यांना काही कमी पडत नाही. जे आहेत त्यांना पडतं."

अकोल्याला निरोप गेला की नर पाठवू नये. परत आलेल्या पिल्लाला पर्युषणाच्या सुमारास एक घर मिळाले. मात्र कागद भरून घेतल्यावाचून ते दिले गेले नाही, आणि उन्हाळ्याचा प्रश्न नातीने स्वतः दोनदा विचारला.

जीवदया म्हटले की आपल्या समाजाला पांजरपोळ आठवतात. मुंबईचा पांजरपोळ १८३४ पासून आहे आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान वाटतो. पण पांजरपोळात येणारा बहुतेक प्रत्येक जीव कोणाच्या तरी दारातून बाहेर पडलेला असतो. तो दारात आला तेव्हाच कोणी वही उघडली असती तर काय झाले असते, हा प्रश्न आपल्या घरांत लहान मुलांचे वाढदिवस येतात तेव्हा विचारण्यासारखा आहे. मुलाच्या हाती जिवंत भेट देण्यापूर्वी त्या जीवाचे कूळ, त्याचे वय, नर की मादी, तो एकटा राहतो की कळपात, आणि त्याचे मरणही आपल्याच घरी होणार आहे, एवढे तरी मोठ्यांनी पाहून घ्यावे.

मानोऱ्याच्या त्या घरात आता ओसरीवर चारच पिंजरे आहेत. थोरला नर म्हातारा झाला आहे. त्याच्या अंगावरचे केस विरळ झाले असून तो चाकावर चढत नाही. नात रोज संध्याकाळी त्याला काकडीचा पातळ काप देते आणि कापड नीट करते. तो गेला की एक पिंजरा रिकामा होईल, तो धुऊन माळ्यावर ठेवायचा, नवा जीव आणायचा नाही, असे ठरले आहे. कोठीतला जुना पिंजरा मात्र अजून वापरात आहे. रविवारी सकाळी आजोबा आणि नात तो घेऊन नाल्याच्या काठी जातात, दार वर उचलतात आणि उंदीर गवतात दिसेनासा होईपर्यंत उभे राहतात.